नाका, कागद आणि रंग: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हर्नडन गावाच्या एल्डन स्ट्रीटवर, सेव्हन-इलेव्हनच्या पार्किंगमध्ये, भल्या सकाळी माणसे कामाच्या आशेने उभी असत. बहुतेक मध्य अमेरिकेतून आलेली. ठेकेदाराची गाडी थांबली की रोज ठरायचा, दोघे-तिघे चढायचे, बाकीचे पुढच्या गाडीची वाट पाहायचे. आपल्याकडे याला मजूर नाका म्हणतात, आणि तो ठाण्यापासून पनवेलपर्यंत रोज भरतो. त्यामुळे वंशवाद, राज्यसत्ता आणि मुक्तीचे लढे यांकडे डाव्या नजरेने पाहणाऱ्या या अभ्यासात शिरताना मराठी वाचकाला फार पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

हर्नडनच्या नाक्याचे पुढे काय झाले ते आधी सांगतो. ऑगस्ट २००५मध्ये नगर परिषदेने पाच विरुद्ध दोन मतांनी मजुरांसाठी केंद्र मंजूर केले. जुन्या पोलीस ठाण्याच्या जागेत ते डिसेंबरात सुरू झाले. मे २००६च्या निवडणुकीत नगराध्यक्ष मायकेल ओ’रायली आणि केंद्राची बाजू घेणारे दोन सदस्य पडले. नव्या परिषदेने २००७मध्ये केंद्र सरकारशी करार केला. तो स्थलांतर कायद्यात १९९६ साली घातलेल्या २८७(जी) कलमाखाली होता; या कलमाने स्थानिक पोलिसांना परदेशी माणसांचे कागद तपासण्याचे अधिकार मिळतात. रस्त्यावर काम मागण्यावर घातलेली बंदी न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेटाळली; पण सप्टेंबर २००७मध्ये केंद्राला कुलूप लागले. मजूर पुन्हा रस्त्यावर आले. जाणार कुठे?

शेजाऱ्यांच्या मनातला पूर्वग्रह, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येते. डावे अभ्यासक तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, कागद नसल्याचा फायदा कोणाला? ज्याच्याकडे कागद नाही तो मजुरी बुडाली तरी तक्रार करायला जात नाही, आणि त्याचे हे गप्प बसणे कोणाच्या तरी वहीत जमेच्या बाजूला लिहिले जाते. म्हणजे सरकारी कागद माणसाला बाहेर ठेवतो असे म्हणणे अपुरे आहे. तो त्याला आत घेतो, पण स्वस्तात. वर वादाची भाषा रंगाची नसतेच. कायदा, कर, गर्दी, केरकचरा अशी स्वच्छ असते. स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८च्या ‘पोलिसिंग द क्रायसिस’मध्ये ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या लूटमारीच्या भीतीबद्दल हेच उलगडून दाखवले: आर्थिक पेच वाढत असताना गुन्ह्याला एक ठरावीक चेहरा मिळतो आणि सत्तेला कडक होण्याची संमती. पुस्तक जाडजूड आहे, कंटाळवाणे मुळीच नाही.

या क्षेत्रातला जुना आणि अजून न सुटलेला वाद वर्ग आणि वंश यांच्या नात्याचा आहे. समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स १९४८मध्ये म्हणाले, वंशवाद ही भांडवलशाहीची पैदास आहे आणि त्याला जातीच्या मापाने मोजू नये. सेड्रिक रॉबिन्सन १९८३च्या ‘ब्लॅक मार्क्सिझम’मध्ये उलट टोकाकडून आले: युरोपातली भांडवलशाही जन्मली तेव्हाच वांशिक भेद तिच्या अंगात होता. हा वाद वाचताना मला लंडन किंवा न्यूयॉर्कआधी परळ आठवते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगाराला विटाळ होई. विणकाम खात्यात मजुरी जास्त. १९२८च्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकजुटीची हाक खरी होती, खात्याची भिंतही खरी होती. आधी भिंत की आधी संप, यावर आजही या शाखेत माणसे एकमेकांशी कचाकचा भांडतात, आणि मला विचाराल तर भिंतीकडे दुर्लक्ष करून केलेली एकजूट टिकत नाही.

महाराष्ट्र आणि अमेरिका यांची ही ओळख जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ची ‘गुलामगिरी’ गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. जुलै १९४६मध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच ओकलंडच्या ब्लॅक पँथरची आठवण घेऊन. १९७३च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सारे शोषित सामावले, आणि त्याच्या मार्क्सवादी सुरावरून राजा ढाले व नामदेव ढसाळ यांची वाट वेगळी झाली. शरद पाटलांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एका सूत्रात गुंफण्याचा प्रयत्न केला तो याच पेचातून.

एक अवघड गोष्ट मात्र टाळता येणार नाही. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा नागरिकत्वासाठी त्यांचा युक्तिवाद होता की उच्चवर्णीय हिंदू आर्य असल्याने आपण गोरे आहोत. न्यायालयाने तो मानला नाही. रंगाच्या दारातून आत जाण्यासाठी जातीचा दाखला पुढे केला गेला होता. हर्नडनजवळच्या डलेस विमानतळाच्या आसपासच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षे काढणाऱ्या मराठी माणसाने हा खटला मन लावून वाचावा. त्याचाही व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला आहे. एल्डन स्ट्रीटवरच्या माणसाशी आपले नाते काय, हा प्रश्न तिथून सुरू होतो. आपली परिस्थिती त्याच्यासारखी नाही. पण कागदाची भीती ओळखीची आहे.

कुठून वाचायला लागावे? ‘गुलामगिरी’ घरी असेल तर ती पुन्हा काढा. मग डू बॉइस यांचे १९३५चे ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’. ते शेकडो पानांचे आहे, म्हणून थेट चौथ्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. यादवी युद्धात व्हर्जिनियासह दक्षिणेतल्या मळ्यांवरून गुलाम उत्तरेच्या सैन्याच्या छावण्यांकडे निघून गेले, आणि इतिहासकार त्याला पळून जाणे म्हणत आले होते. डू बॉइस यांनी त्याला वेगळे नाव दिले: सार्वत्रिक संप. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला या शब्दाशी थांबून विचार करावासा वाटेल. हे लोक कुणाच्या युनियनमध्ये नव्हते, त्यांच्याकडे वर्गणीची पावती नव्हती, तरी काम थांबले होते.