मधूच्छिष्ट ओतकाम

मधूच्छिष्ट ओतकाम किंवा मेणाचे ओतकाम ही धातूची मूर्ती घडविण्याची प्राचीन पद्धत होय. मूर्तीची मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर माती किंवा प्लास्टरचे आवरण चढवितात, उष्णता देऊन मेण बाहेर काढतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. ‘मधूच्छिष्ट’ म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मध काढल्यावर पोळ्यात उरणारे मेण.

वाळूच्या ओतकामाहून वेगळेपण

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांमध्ये यंत्रांचे सुटे भाग बहुधा वाळूच्या साच्यात ओतले जातात. तेथे लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न वाळूतून सरळ उचलून काढावा लागतो. खोबणी वा आत वळलेला भाग असल्यास साचा ढासळतो. मेण वितळून वाहून जात असल्याने वस्त्राच्या चुण्या, केसांच्या बटा, बोटांमधील फटीही धातूत जशाच्या तशा उतरतात.

कृती

शिल्पकार प्रथम शाडूत मूर्ती घडवितो आणि तिच्यावरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा घेतो. साच्याच्या आतील बाजूस साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देतात. मूर्ती पोकळ राहावी म्हणून आत विटांची पूड व प्लास्टर यांचा गाभा भरतात. मेण गेल्यावर हा गाभा अधांतरी राहतो. तो हलू नये म्हणून मेणातून आरपार धातूचे खिळे ठोकतात. धातू आत येण्यासाठी आणि हवा बाहेर जाण्यासाठी मेणाच्याच कांड्या जोडून वाटा ठेवतात. कोंडलेली हवा जिथे अडते, तिथे मूर्तीत भोक राहते.

बाहेरचे आवरण वाळले की साचा भट्टीत तापवितात. मेण आधी वितळून निघते. उरलेले जळून जावे व ओलावा संपावा म्हणून साचा पुढेही बराच काळ तापत ठेवतात. ही पायरी घाईने उरकता येत नाही. ओलसर साच्यात सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा धातू पडताच पाण्याची वाफ होते, साचा फुटतो आणि तापलेला धातू उसळतो. मूळ मेण तोपर्यंत गेलेले असते. शाडूवरून घेतलेला साचा जपला असेल तरच पुन्हा मेण घडविता येते. जुन्या पद्धतीत मूर्ती थेट मेणात घडवीत, म्हणून फसलेली मूर्ती कायमची गमावली जाई.

धातू थंड झाल्यावर आवरण फोडतात, कांड्या कापतात, छिन्नी व कानशीने सांधे साफ करतात आणि रसायनांनी रंगछटा आणतात.

मेण आणि धातू यांचे प्रमाण

किती धातू वितळवायचा, हे मेणाच्या वजनावरून ठरते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाच्या मूर्तीचा हा विधी आला असून तांबे-पितळ मेणाच्या आठ ते दहा पट घेण्याचे मान त्यात आढळते. कांस्याची घनता मेणाच्या सुमारे नऊ पट असते, हे ध्यानात घेतल्यास त्या मोजमापाची अचूकता पटते. म्हणजे दोन किलो मेणाच्या मूर्तीला सुमारे अठरा किलो धातू लागतो. कांड्यांचे मेणही वजनात धरावे लागते. ते विसरल्यास धातू अपुरा पडतो.

कोल्हापुरातील उदाहरणे

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी येथे १९४० च्या दशकात प्राचीन कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये तेथे उत्खनन केले. साठ्यातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती रोमन व्यापारामार्गे आलेली मानली जाते. ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. तेथे गेल्यास मूर्तीचे स्नायू व दाढीचे बारकावे पाहावेत. मेणात झालेली कोरणी धातूत कशी उतरते, हे त्यावरून समजते.

कावळा नाक्यावरील महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा असल्याने सारा भार त्याच पायांवर येतो. एवढे मोठे पुतळे साधारणतः तुकड्यांत ओतून जोडतात आणि आत पोलादी सांगाडा बसवितात.