ह्यूस्टन, सॅम
(२ मार्च १७९३–२६ जुलै १८६३). अमेरिकन सेनानी, मुत्सद्दी व टेक्सस प्रजासत्ताकाचा पहिला निर्वाचित अध्यक्ष. जन्म व्हर्जिनिया राज्यात. कुटुंब टेनेसीत स्थायिक झाल्यावर किशोरवयात काही काळ तो चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांत राहिला (पहा : चेरोकी). अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्यात असताना हॉर्सशू बेंडच्या लढाईत (१८१४) तो जबर जखमी झाला (पहा : जॅक्सन, अँड्र्यू). पुढे तो काँग्रेसचा सदस्य (१८२३–२७) व टेनेसीचा गव्हर्नर (१८२७–२९) झाला. राजीनामा देऊन तो पुन्हा चेरोकींकडे गेला व नंतर टेक्ससमध्ये आला.

मेक्सिकोविरुद्धच्या टेक्ससच्या स्वातंत्र्ययुद्धात तो टेक्ससचा सेनापती होता. २१ एप्रिल १८३६ रोजी सॅन हासिंतो येथे त्याच्या सैन्याने मेक्सिकोचा सेनानी सांता आना याच्या फौजेचा सुमारे अठरा मिनिटांत पराभव केला. दुसऱ्या दिवशी खुद्द सांता आना पकडला गेला. टेक्ससचे स्वातंत्र्य या विजयामुळेच टिकले. ह्यूस्टन दोनदा अध्यक्ष होता (१८३६–३८; १८४१–४४). टेक्ससचे अमेरिकेत विलीनीकरण झाल्यानंतर सिनेटर (१८४६–५९) असताना त्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीची वाट मोकळी करणाऱ्या कॅन्झस-नेब्रास्का कायद्याला विरोध केला. तो स्वतः गुलामांचा मालक होता. तथापि संघराज्य फोडण्यास त्याची संमती नव्हती. १८६१ मध्ये संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणी राज्यसंघाशी निष्ठेची शपथ नाकारल्याने त्याचे टेक्ससचे गव्हर्नरपद गेले (पहा : अमेरिकन यादवी युद्ध). हंट्सव्हिल येथे तो मरण पावला. ह्यूस्टन शहराला त्याचेच नाव आहे.