दिनविशेष : २५ जानेवारी
श्ट्राइफवरचा विक्रम

ऑस्ट्रियातील किट्सब्यूल येथे २५ जानेवारी १९९७ रोजी फ्रिट्झ श्ट्रोब्ल या यजमान देशाच्याच स्कीपटूने ‘श्ट्राइफ’ हा उतार १ मिनिट ५१.५८ सेकंदांत पार केला. सरासरी वेग तासाला सुमारे १०७ किलोमीटर! पुढची २५ वर्षे आणि त्यानंतरही हा विक्रम कुणाला मोडता आला नाही.

हा उतार ज्या हानेनकाम डोंगरावर आहे, तिथे १९३१पासून स्की शर्यती होत आहेत. श्ट्राइफचा मार्ग मात्र १९३७मध्ये प्रथम वापरला गेला. तेव्हाच्या विजेत्याला जवळपास चार मिनिटे लागली होती. मार्गाची लांबी ३३१२ मीटर, त्यात ८६० मीटर खाली उतरायचे. सुरुवात होते न होते तोच ‘माउजेफाले’ येतो, म्हणजे उंदराचा सापळा. इथे उतार ८५ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना ८५ मीटर खाली! स्कीपटू अक्षरशः हवेत फेकला जातो आणि जमिनीवर टेकताच पुढच्या वळणाची तयारी करावी लागते. पायांखाली भुसभुशीत बर्फ नव्हे, तर मुद्दाम पाणी मुरवून टणक केलेला थर. दमलेल्या पायांची खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यातील हाउसबेर्ग उडीवर. स्वित्झर्लंडचा डॅनियल आल्ब्रेख्त २००९मध्ये सरावात अखेरच्या उडीवर कोसळला आणि तीन आठवडे कोमात होता.

डाउनहिल, म्हणजे उतारावरून वेगाने खाली येण्याच्या स्की शर्यतींमधील सर्वांत कठीण उतार हा मान श्ट्राइफलाच द्यावा लागेल. इथे डाउनहिलची सर्वाधिक पाच विजेतेपदे स्वित्झर्लंडच्या दिदिए क्यूशच्या नावावर आहेत.