वीणा, मुकुट आणि लगामाचे पितळ

वर्धा हा छावणीचा जिल्हा नव्हे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, त्यानंतर १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी त्याचे मुख्य ठाणे वसले. गोऱ्या सैन्याचा तळ होता तो कामठीस, १८२१ पासून. परंतु छावणीतून मोडीत गेलेले पितळ छावणीपुरते राहत नाही. भंगाराच्या ढिगातून, लिलावातून ते कोठल्याही गावी जाऊन पोहोचते. अशा वेळी एखादा बिल्ला किंवा घोड्याच्या साजातील चकती हाती आली आणि तीवर मुकुटाखाली वीणा कोरलेली दिसली, की कोणीतरी जाणता माणूस सांगून टाकतो : ही आयरिश घोडेस्वाराची, झाशीच्या राणीशी लढलेल्या रिसाल्याची. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे.

ज्या वाद्याला आपण स्तोत्रसंहितेच्या वाचनात वीणा म्हणतो, तेच हे हार्प. आयर्लंडचे ते प्राचीन चिन्ह. पुष्कळदा तिच्या पुढच्या खांबाच्या जागी पंख असलेली स्त्री कोरलेली असते. ८ व्या किंग्ज रॉयल आयरिश हुसार या रिसाल्याच्या बिल्ल्यावर मुकुटाखाली वीणा आहे. पण ती कॅनॉट रेंजर्स या पायदळाच्या पलटणीचीही खूण होती, आणि रॉयल आयरिश रेजिमेंटचीही. त्यामुळे नुसत्या वीणेवरून घोडदळ ठरत नाही. खालच्या फितीवरील अक्षरे आणि रोमन आकडा वाचल्याखेरीज निकाल देऊ नये.

उलट, अस्सल आयरिश रिसाल्यांचे सर्वच बिल्ले वीणेचे नाहीत. ६ व्या इनिस्किलिंग ड्रॅगून्सच्या बिल्ल्यावर इनिस्किलिंगचा किल्ला आहे. ५ व्या रॉयल आयरिश लान्सर्सच्या बिल्ल्यावर एकमेकांस छेदणारे दोन भाले आणि मधल्या वर्तुळात पाचाचा आकडा. ४ थ्या रॉयल आयरिश ड्रॅगून गार्ड्सनी संत पॅट्रिकच्या नावाने १७८३ मध्ये स्थापन झालेल्या सरदारी मंडळाचा तारा घेतला आणि त्यासोबत त्याचे लॅटिन ब्रीदही : 'क्विस सेपाराबित', कोण विलग करील? वाचकांपैकी अनेकांना हे शब्द ओळखीचे वाटतील, कारण संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी विचारलेला तो प्रश्न आहे. राजसत्तेने मात्र तो आयर्लंड आणि ब्रिटिश सिंहासन यांच्या बंधनासाठी वापरला. प्रेषिताचा शब्द घोडेस्वाराच्या पितळावर असा येऊन बसावा, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

काळ ठरविण्यास मुकुट उपयोगी पडतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी माथ्याशी किंचित खाली दबलेल्या असतात; एडवर्ड सातव्याच्या कारकिर्दीपासून, म्हणजे साधारण १९०२ पासून १९५२ पर्यंत, त्या गोलाकार उंच चढतात; पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात पुन्हा दबल्या. नंतर बिल्ला उलटा करून पाहावा. मागे टोपीत सरकवण्याची उभी पट्टी किंवा दोन लहान कड्या असल्या, तर तो टोपीवरचा बिल्ला. आणि शिपायांच्या टोपीवर असे धातूचे बिल्ले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रूढ झाले. सत्तावन्नच्या उठावातील वस्तू म्हणून कोणी तो पुढे केला, तर किंमत देण्यापूर्वी हे आठवावे.

घोड्याच्या साजाची गोष्ट वेगळी. खोगीर, तंग, दुमची यांचे चामडे कुजून जाते. उरते ती रिकीब आणि लगामाच्या कडियाळ्याच्या दोन्ही बाजूंस बसविलेली वाटोळी, फुगीर पितळी चकती. तीवर रिसाल्याचे चिन्ह असे. तरी येथेही सावध राहावे, कारण पायदळाचे वरिष्ठ अधिकारीही घोड्यावर बसत आणि त्यांच्या लगामावरही त्यांच्या पलटणीची वीणा झळके. रेखा बोथट, कडा जाड आणि वाद्याच्या तारा एकमेकींत मिसळलेल्या असतील, तर ती अस्सलावरून पुन्हा ओतलेली नक्कल असण्याचा संभव मोठा.

आता राणीविषयी. ८ वे हुसार ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे लढले हे खरे. आपल्याकडे राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. ब्रिटिश नोंदी १७ जून १८५८ देतात. घोडेस्वाराच्या वेषात लढत असता त्या याच रिसाल्याच्या हल्ल्यात पडल्या, असे त्या नोंदी सांगतात. चारच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध चढाईत हाच रिसाला होता. ग्वाल्हेरच्या हल्ल्यासाठी त्यातील चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांची निवड त्यांच्या सोबत्यांनीच केली.

या चौघांची जन्मस्थाने पाहिली की बिल्ल्याची मर्यादा ध्यानात येते. कॅप्टन क्लेमंट हेनेज इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. शिपाई जॉन पिअर्सन लीड्सच्या बाजूचा. जॉर्ज हॉलिस, रिसाल्याचा नालबंद, ग्लॉस्टरशायरचा. आयरिश एकच : सार्जंट जोसेफ वॉर्ड, कॉर्क परगण्यातील किन्सेल बंदराचा. शिवाय हा रिसाला १६९३ मध्ये उभारला गेला तोच मुळी आयर्लंडमधील प्रॉटेस्टंटांतून; कॅथॉलिकांना तेव्हा सैन्यात प्रवेश नव्हता. म्हणजे वीणा धारण करणारा प्रत्येक जण आयरिश नव्हता, आणि आयरिश असला तरी आपल्या धर्माचा होताच असे नाही.

उलट बाजूचे उदाहरण कॅनॉट रेंजर्सचे. ती पलटण प्रामुख्याने कॅथॉलिक आयरिशांची. मायदेशी ब्रिटिश फौजांनी चालविलेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ तिच्या शिपायांनी १९२० साली जालंधर व सोलन येथे शस्त्रे खाली ठेवली. त्यांच्यापैकी जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या अस्थी १९७० मध्ये आयर्लंडला नेण्यात आल्या. त्याच्या टोपीवरही मुकुट होता आणि मुकुटाखाली वीणा.