विसाव्या गाथेची झडती

गाथासप्तशतीतल्या पहिल्या शतकाची विसावी गाथा अंथरुणाशी घडते. ती उशिरा आली आहे. तो डोळे मिटून पडला आहे. खरेच झोपला, की रुसून सोंग घेतलेय? ती त्याच्या गालाचे चुंबन घेते आणि त्याच्या अंगावर रोमांच उठतात. चोरी पकडली जाते. जरा सरकून जागा दे, पुन्हा उशीर करणार नाही, असे ती म्हणते. मायेबद्दलची शंका, तिची परीक्षा आणि तडजोड, सगळे 57 मात्रांत: पहिल्या ओळीत 30, दुसरीत 27. रुसव्यावर नुसते पांघरूण घालणारी ही बाई नाही. ती आधी पुरावा मिळवते.

आता आपणही तेच करू. ही गाथा केव्हाची? ग्रंथ स्वतः सांगतो की हाल राजाने कोटी गाथांतून सातशे निवडल्या. पुराणांच्या सातवाहन यादीत हाल आहे. मत्स्यपुराण त्याला पाचच वर्षे देते. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त सातवाहनाच्या सुभाषितकोशाची स्तुती केली. म्हणजे तोवर असा संग्रह प्रसिद्ध होता, एवढे पक्के. त्यात नेमक्या याच गाथा होत्या, हे त्यावरून निघत नाही.

इथे वेबर हा जर्मन पंडित कामी येतो. 1870 मध्ये त्याने 370 गाथा छापल्या, 1881 मध्ये संपूर्ण संग्रह. निरनिराळ्या पाठपरंपरा मिळून गाथा भरल्या 964. सर्व परंपरांत समान निघाल्या फक्त 430. कोटीचा आकडा अलंकार म्हणून सोडता येईल, 430 चा सोडता येत नाही. शतकानुशतके भर पडत गेली, हे तो आकडा उघड सांगतो.

जागेचा प्रश्न त्यापेक्षा सोपा. भाषा माहाराष्ट्री प्राकृत आणि गाथांतून वाहणारी ‘गोला’ म्हणजे गोदावरी. सातवाहनांचे पैठण वरच्या अंगाला, नांदेड त्याच नदीवर खाली. लातूरच्या शेजारचे तेर म्हणजे जुने तगर. ‘पेरिप्लस’ हा प्राचीन ग्रीक ग्रंथ ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ठेवतो. हा मुलूख गाथांच्या ऐन परिसरातला. मात्र विसाव्या गाथेत नदीही नाही आणि गावही नाही. तिला नांदेडची म्हणणे हा आपला लोभ.

आणि ती बोलणारी कोण? पत्नी की प्रेयसी, हे गाथा सांगत नाही. असे प्रसंग टीकाकार मागाहून जोडतात. परंपरेने रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावे जपली आहेत, पण कोणती गाथा कोणाची याबाबत पोथ्यांचे एकमत नाही. आवाज बाईचा, हे निश्चित. लेखणीही बाईची, हा तर्क.

माझा कौल असा: मुलूख गोदावरीचा, काळ सातवाहनांचा असणे संभवनीय, हालाचा हात असिद्ध. ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी स. आ. जोगळेकर यांची 1956 ची मराठी आवृत्ती आहे.