ऑफसाइड: एका नियमाची पावणेदोनशे वर्षे

१/ चेंडू जाळ्यात जातो, प्रेक्षक उठून उभे राहतात आणि तेवढ्यात साहाय्यक पंचाचा झेंडा वर जातो: ऑफसाइड. फुटबॉलमधील हा नियम अनेकांना किचकट वाटतो, कारण तो एका बैठकीत घडलेला नाही. इंग्लंडच्या शाळांतील सभ्यतेच्या कल्पनेतून तो जन्मला आणि पुढे वारंवार बदलत गेला. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/ प्रथम आजचा नियम. सहकारी चेंडू खेळतो त्या क्षणी आक्रमक प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोहोंपेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. सर्वांत मागे बहुधा गोलरक्षक असतो. म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू हीच सीमा. नुसते तेथे उभे राहणे हा दोष नव्हे. तेथून खेळात हस्तक्षेप करणे हा दोष.

३/ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या प्रत्येक मोठ्या निवासी शाळेचा फुटबॉल निराळा होता. ईटनच्या १८४७ च्या नियमांनुसार चेंडू मागे आणि समोर तीन किंवा त्याहून कमी प्रतिस्पर्धी, अशा जागी असलेला खेळाडू ‘स्नीकिंग’ करतो, म्हणजे चोरपावलांनी घुसतो, असे मानले जाई. आक्षेप जागेपेक्षा वृत्तीवर होता: सर्वांसोबत झुंजण्याऐवजी गोलाजवळ दबा धरून बसणे भेकडपणाचे.

४/ नावातही हीच भावना आहे. आपला संघ चेंडूच्या मागे असतो. त्याला सोडून पुढे गेलेला खेळाडू आपल्या ‘बाजूपासून’ सुटला, म्हणून तो ‘ऑफसाइड’.

५/ २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. डिसेंबरात संमत झालेल्या तिच्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला सहकारी जवळपास सर्वच प्रसंगी खेळाबाहेर ठरे. पुढे पास देण्याची सोयच नव्हती. एकाने चेंडू पायाशी घेऊन धावायचे आणि बाकीच्यांनी मागोमाग जायचे, असा तो खेळ होता.

६/ शेफील्ड शहरात मात्र वेगळेच चालले होते. तेथील क्लबच्या १८५८ च्या नियमांत ऑफसाइड नव्हताच. लंडनने १८६६ मध्ये मधला मार्ग काढला: आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असतील, तर पुढचा पास वैध. १८७७ मध्ये शेफील्डनेही लंडनचे नियम स्वीकारले.

७/ या सवलतीमुळे पासचा खेळ शक्य झाला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, निकाल ०-०. इंग्लंडची भिस्त एकट्याने चेंडू नेण्यावर होती. क्वीन्स पार्क क्लबच्या खेळाडूंचा स्कॉटिश संघ चेंडू एकमेकांकडे देत खेळे. पुढे हीच रीत सर्वत्र रुजली.

८/ पण ‘तीन’ या आकड्यात एक पळवाट होती. गोलरक्षकापुढे दोन फुल बॅक असत. त्यांतला एक योग्य क्षणी पुढे सरकला की आक्रमकासमोर दोनच प्रतिस्पर्धी उरत आणि तो ऑफसाइड ठरे. डाव फसला, तरी दुसरा फुल बॅक मागे असेच. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या सापळ्यासाठी प्रसिद्ध झाला. आक्रमकाची लबाडी रोखणारा नियम आता बचावपटूचे हत्यार बनला.

९/ खेळ मध्यरेषेभोवती कोंडला आणि गोल आटले. १९२४-२५ च्या मोसमात इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले. १९२५ मध्ये स्कॉटिश संघटनेच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने तीनाचे दोन केले. पुढच्या मोसमात तितक्याच सामन्यांत गोल झाले १,७०३. सापळा आता जुगार ठरला: तो फसला, तर मागे फक्त गोलरक्षक.

१०/ बचावाने उत्तर शोधलेच. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर चार्ली बकनच्या आग्रहावरून व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू केला. त्यातूनच पुढे ‘डब्ल्यू-एम’ रचना घडली. गोल वाढवण्यासाठी केलेल्या बदलाने बचावाची नवी शिस्त जन्माला घातली.

११/ १९९० मध्ये शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलेला आक्रमक वैध ठरला; माप आक्रमणाच्या बाजूने झुकले. पुढे हात मोजायचे नाहीत, हेही स्पष्ट झाले. २०१८ मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच नियमावलीत आला आणि २०२२ च्या कतार विश्वचषकात खेळाडूंच्या अवयवांची जागा टिपणारे कॅमेरे आणि चेंडूतील संवेदक वापरले गेले. आता बोटभर पुढे असलेले पाऊलही गोल रद्द करू शकते.

१२/ बोटभर अंतराला चोरटेपणा कोण म्हणेल? शीलाचा नियम मापाचा झाला, तो असा. तरी एक जागा उरलीच आहे. स्थिती कॅमेरा सांगतो. पण त्या आक्रमकाने गोलरक्षकाची नजर अडवली का, बचावपटूला त्रास दिला का, हे आजही पंचालाच ठरवावे लागते. तो तेथे नेमके काय करत होता, हा ईटनचा जुना प्रश्न अजून मैदानातच आहे.