गल्ल्यावरचं यंत्र

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी, जेम्स रिटी यांचं मद्यालय होतं. गर्दी असायची, माल खपायचा, तरी रात्री गल्ला मोजायला बसलं की हिशेब जुळायचा नाही. बाटल्या रिकाम्या झालेल्या असत, पैसे मात्र नोकरांच्या खिशात गेलेले. खाण्यापिण्याच्या धंद्याचं हे दुखणं सगळीकडे सारखंच आहे. विक्री होते लहान लहान रकमांत, दिवसभर, आणि मालक एकाच वेळी भटारखान्यात, कोठीत आणि गल्ल्यावर असू शकत नाही.

१८७८ साली रिटी बोटीने युरोपला निघाले. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं एक यंत्र त्यांनी तिथे पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं, की फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? त्यांचे भाऊ जॉन यांत्रिकी कामातले जाणकार होते. दोघांनी मिळून यंत्र घडवलं आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. सुरुवातीच्या यंत्राला घड्याळासारखी तबकडी होती, पैसे ठेवायला खणसुद्धा नव्हता. खण, घंटा, कागदाची गुंडाळी हे सगळं पुढे आलं. मद्यालय आणि कारखाना दोन्ही सांभाळणं रिटींना जमेना, म्हणून त्यांनी हक्क विकून टाकले. १८८४ साली ते हक्क जॉन पॅटर्सन यांच्याकडे आले, आणि त्यातून ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ ही बलाढ्य कंपनी उभी राहिली.

इथे थोडं थांबायला हवं. आजच्या बिलिंग संगणकाचा हा पूर्वज कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या गरजेतून तो घडवला.

शंभर वर्षांनी तेच पुन्हा घडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात जीन मोशर ‘ओल्ड कॅनॉल कॅफे’ नावाचं उपाहारगृह चालवत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ॲपल-२ संगणकावर आपल्या हॉटेलसाठी ऑर्डर आणि बिलाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. मग १९८६ साली लास व्हेगासच्या ‘कॉमडेक्स’ प्रदर्शनात, अटारी कंपनीच्या दालनात, त्यांनी ‘व्ह्यूटच’ मांडलं. रंगीत पडद्यावर पदार्थांची बटणं होती आणि बोट टेकवलं की ऑर्डर नोंदली जायची. मोठ्या उपाहारगृह-साखळ्यांकडे संगणकी गल्ले याआधीच आले होते. पण पडद्याला बोट लावून ऑर्डर घेण्याची ही रीत एकट्या मालकाच्या हॉटेलातून आली.

मोशर यांच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट स्पर्श नव्हे. पडद्यावरची बटणं हॉटेलवाल्याला स्वतः हलवता-बदलता येत, त्यासाठी प्रोग्रामर बोलवावा लागत नसे. एखादा पदार्थ संपला, नवा आला, भाव वाढला, तर पडदाही बदलायचा. थोडं करा, गिऱ्हाइकापुढे ठेवा, काय होतं ते बघा, सुधारा, ही सॉफ्टवेअर घडवण्याची पद्धत पुढे १७ संगणकतज्ज्ञांनी फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्डला जमून ‘ॲजाइल’ जाहीरनाम्यात मांडली. छोट्या हॉटेलांत ती रोजच्या धबडग्यातच भिनलेली असते. सकाळच्या फळ्यावरचा पदार्थ दुपारी पुसला जातो, आणि कोणी त्याला पद्धत म्हणत नाही.

मुंबईत याचे पुरावे कमी नाहीत. माटुंग्याला १९४२ पासून चालणाऱ्या ए. रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये आधी कुपन घ्यायचं, मग केळीच्या पानावर जेवायला बसायचं. कुपनामुळे पैसे आधीच गल्ल्यात येतात, बिलाची भानगड उरत नाही, आणि किती पानं वाढायची याचा अंदाज माणूस जेवायला टेकण्याआधीच येतो. संगणकाचा पडदा जे सांगतो, तेच कागदाचा एक तुकडा सांगत होता.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांकडे तर कागदही नव्हता. गिरणीकामगारांना त्या महिनाभर उधारीवर जेवू घालत, पैसे पगाराला मिळत, आणि तोवर किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं करून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि जेवणारेच नाहीसे झाले. तेव्हा मंडळ केटरिंगकडे, दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळलं. इतक्या वेगाने धंद्याची दिशा बदलण्याचं याहून अस्सल उदाहरण दाखवणं अवघड आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात मात्र ते क्वचितच भेटतं, याची खंत वाटते.

नंतरची यंत्रं बाहेरून आली. २००८ साली दिल्लीत दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून ‘फूडीबे’ सुरू केलं, तेच पुढे झोमॅटो झालं. २०१४ साली बंगळुरूत स्विगी निघाली. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली, आणि गल्ल्याशेजारी चौकोनी कोड चिकटले. पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर तर जुन्या घंटेचंच काम करतो. तव्यापाशी उभ्या मालकाला मान वळवावी लागत नाही. या साधनांनी फायदा झालाच. बसायला चार टेबलं असलेल्या खाणावळीचं जेवण त्यांमुळे दुसऱ्या उपनगरात पोचू लागलं.

पण गिऱ्हाइकाची वही हॉटेलवाल्याच्या हातून सुटली. दुकानात येणारा माणूस कोण, तो काय मागवतो, पुन्हा केव्हा येतो, हे पूर्वी मालकालाच कळायचं, आणि रिटी व मोशर यांच्या यंत्रांतली नोंदही त्याच्याकडेच राहायची. झोमॅटो-स्विगीसारख्या ॲपवरून आलेल्या ऑर्डरचा हा तपशील मात्र त्या कंपन्यांकडे राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक हॉटेलांनी ॲपच्या सवलतीच्या योजनांतून ‘लॉगआउट’ केलं. त्यानंतर राष्ट्रीय रेस्टॉरंट संघटनेने स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीत कमिशनच्या जोडीला गिऱ्हाइकाची माहिती लपवली जाण्याचा मुद्दाही होता. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने काही मुद्द्यांवर चौकशीचा आदेश दिला.

दरम्यान हॉटेलवाल्यांनी आपली वाट काढली आहे. ॲपवरून गेलेल्या पार्सलमध्ये ते स्वतःचा व्हॉट्सॲप नंबर छापलेलं कार्ड ठेवतात, आणि थेट मागवल्यास थोडी सूट देऊ असंही त्यावर लिहितात.